रडणं नंबर तीन

एका महिन्यात चौथ्यांदा चिऊला घेऊन ती दवाखान्यात आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "रडते म्हणजे नेमकी कशी रडते?"

आता रडणं ही काही करून दाखवायची गोष्ट नव्हे. तिने तरी प्रयत्न केला. (बाहेर बाकावर बसलेले दोन पेशंट दार ढकलून आत डोकावून गेले.) चिऊ मात्र तपासणीच्या टेबलावर पडून, जन्मात कधी रडलोच नाही अशा चेहऱ्याने, डॉक्टरीणबाईंच्या गळ्यातल्या नळीशी खेळत होती. सात महिन्यांची पोर, पण चारचौघांत आईला तोंडघशी कसं पाडायचं हे पोटातूनच शिकून आलेली.

घरी परतताना रिक्षातच तिने ठरवलं, पुढच्या वेळी पुरावा घेऊन जायचं. रडणं रेकॉर्ड करायचं.

एवढाच निर्णय. यापेक्षा साधा निर्णय कुठल्या बाईने घेतला असेल असं वाटत नाही.

ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली होती, त्यामुळे नुसतं रेकॉर्ड करून तिचं समाधान होणार नव्हतं. तिने आधी वहीत तक्ता आखला. रडणं नंबर एक, भूक. नंबर दोन, ओलं. नंबर तीन, कारण अज्ञात. हे नंबर तीन रोज दुपारी साडेतीनला सुरू व्हायचं आणि पाचपर्यंत चालायचं, आणि त्यावर कशाचाही उपाय चालत नसे. बाळ वाढवण्याची तीन पुस्तकं तिने वाचली होती. पहिल्यात लिहिलं होतं, बाळ रडलं की ताबडतोब उचला. दुसऱ्यात लिहिलं होतं, मुळीच उचलू नका. तिसऱ्यात लिहिलं होतं, आई शांत असेल तर बाळ रडतच नाही. तिसरं पुस्तक तिने कपाटावर, सुटकेसच्या मागे टाकून दिलं होतं.

दोन दिवसांत तिन्ही नमुने गोळा झाले. डॉक्टरीणबाईंच्या कॉम्प्युटरला लावता यावेत म्हणून तिने ते पेनड्राइव्हवर घ्यायचं ठरवलं, आणि किल्ल्यांच्या वाडग्यात एक निळा पेनड्राइव्ह सापडलाही. फाइल चढवताना कॉम्प्युटरने विचारलं, एक, दोन, तीन या नावांच्या फाइली इथे आधीच आहेत, त्यांच्या जागी या ठेवू का? एका हाताने चिऊला थोपटत, दुसऱ्या हाताने दुधाची बाटली धरून तिने कोपराने 'हो' दाबलं. नाही म्हटलं तर तो आणखी काहीतरी विचारत बसेल, आणि प्रश्न विचारणारं एक माणूस तिच्या आयुष्यात पुरेसं होतं.

ते माणूस म्हणजे सासूबाई. बसने दोन तासांवर राहायच्या आणि रोज सकाळी दहाला फोन करायच्या. रडते का गं? झोपली का? मग का नाही झोपली? सासूबाई वाईट नव्हत्या. उलट इतक्या चांगल्या होत्या की पहिल्याच महिन्यात त्यांनी सांगून टाकलं होतं, "तुला झेपत नसेल तर लाजू नकोस. मी चिऊला वर्षभर माझ्याकडे घेऊन जाते. शिकलेल्या मुलींना हे जमत नाही, त्यात तुमचा दोष नाही." त्या दिवसापासून ती रोज दहाला फोनवर एकच वाक्य म्हणत आली होती: नाही हो आई, चिऊ कुठे रडते. सात महिन्यांत तिने आयुष्यभराचा खोटेपणा संपवला होता. पण ते वाक्य एकदा चुकलं असतं तर चिऊ गेली असती, आणि ती आई म्हणून नापास झाल्याचा दाखला घरोघर पोचला असता.

तर तो निळा पेनड्राइव्ह.

तिचा नवरा तलावावरच्या मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी होता. त्यामुळे स्वतःच्या नावापुढे एवढी पदवी असून सगळे तिला सेक्रेटरीणबाई म्हणत. सोसायटीचं क्वार्टर बर्फाच्या जुन्या कारखान्यामागे, अगदी पाण्याला लागून होतं आणि त्या घरात गेली चार वर्षं एकच विषय होता, पाणकावळे. पूर्वी तलावाच्या मधल्या बेटावर पन्नासएक असायचे. आता तीन हजार झाले होते. बेटावरची झाडं त्यांच्या विष्ठेने चुना फासल्यासारखी पांढरी पडली होती. सोसायटी तलावात बोटभर लांबीची माशांची पिल्लं सोडायची, त्यांना बोटुकली म्हणतात. ती मोठी होऊन जाळ्यात येणार अशी कल्पना. पाणकावळ्यांची कल्पना वेगळी होती. बोटुकली सोडली की आठवड्याच्या आत ते पंगत उठवून मोकळे व्हायचे. जाळ्यात मासा सापडलाच तर तो आधी चोचीने भोसकलेला असायचा.

मारायला परवानगी नव्हती, फक्त हुसकावायची होती. डबे वाजवून झाले. सोसायटीच्या चेअरमनकाकांचा जुना सदरा घालून एक बुजगावणं उभं करून झालं. पाणकावळे त्याच्या दोन्ही हातांवर बसून, आपलेही पंख दोन्हीकडे पसरून वाळवत बसले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, चेअरमनकाका आपल्या पोराबाळांसह फोटो काढून घेताहेत. काकांना ते महिनाभर सगळ्यांनी ऐकवलं. शेवटी पक्षीखात्याच्या साहेबांनी धक्क्यावर सहा भोंगे बसवले आणि एका पेनड्राइव्हवर तीन आवाज पाठवले. एक, बंदुकीचा बार. दोन, कुत्र्याचं भुंकणं. तीन, मत्स्यगरुडाची किंकाळी. बारापुढे पक्षी दोन दिवस बिचकले, कुत्र्यापुढे एक. आता सोसायटीच्या पन्नास कुटुंबांची सगळी आशा नंबर तीनवर होती. नवरा सोमवारी तो पेनड्राइव्ह घरी घेऊन आला, किल्ल्यांच्या वाडग्यात ठेवला आणि गुरुवारी सकाळी तिथून उचलून चेअरमनकाकांच्या हातात दिला.

गुरुवारी आठ वाजता ती चिऊला अंघोळ घालत होती. चिऊ पाण्यावर हात आपटत मजेत होती. आणि अचानक सगळ्या आसमंतात चिऊ रडायला लागली.

तिने आधी चिऊचं तोंड बघितलं. मिटलेलं होतं. बोटाने जबडा उघडून बघितला. आत काही नव्हतं. रडणं मात्र तलावावरून येत होतं, टेकडीवर आपटून परत येत होतं, बर्फाच्या कारखान्याचे पत्रे थरथरत होते. आपल्याला वेड लागलं, असं तिला वाटलं आणि वाईट हे की त्यात आश्चर्य वाटलं नाही. इतक्यात त्या रडण्यावरून एका बाईचा आवाज आला. आपण रेकॉर्ड करताना बोलत होतो, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"रड बाई, रड. पोटभर रड," सहा भोंगे म्हणाले. "तुझ्या आजीला रोज सांगते, चिऊ कुठे रडते. खोटं बोलून बोलून माझी जीभ झिजली. आणि तुझा बाप. त्याला तीन हजार पाणकावळ्यांची मुंडकी मोजता येतात, पण पोरीचे लंगोट कुठल्या खणात असतात ते रोज विचारावं लागतं. आणि ते चेअरमन. रोज संध्याकाळी येऊन बसतात ते बसतात, बूड हलवायचं नाव नाही. घर आहे की एसटी स्टँड?"

धक्क्यावर पन्नास माणसं उभी होती. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. भोंगे बंद करायला नवरा धावला, पण तेवढ्यात बेटावरून काळा ढग उठावा तसे तीन हजार पाणकावळे उठले, तलावावर एक घिरटी घालून टेकडीपलीकडे गेले आणि दुपारपर्यंत परत आले नाहीत. त्या दिवशी चार वर्षांत पहिल्यांदा जाळी भरून आली.

संध्याकाळी चेअरमनकाका दारात आले. नवऱ्याने खुर्ची पुढे केली.

"नको, नको," काका म्हणाले. "मी आता उभ्या उभ्याच बोलतो."

ती पदर तोंडाला लावावा तर अंगात गाउन, म्हणून चिऊलाच तोंडासमोर धरून उभी राहिली. काकांचं म्हणणं असं होतं, की सोसायटीने सर्वानुमते ठराव केला आहे, ही फाइल रोज सकाळी वाजवायची. (ही सोसायटी धक्क्यावरचा दिवा बदलायलाही ठराव करायची.) तिने सांगितलं, हरकत नाही, पण माझं बोलणं त्यातून काढा. काका घुटमळले. नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने छताकडे बघितलं.

"सूनबाई, दुपारी तो प्रयोग केला आम्ही," काका म्हणाले. "नुसत्या रडण्याला एक पक्षी हलत नाही. तुम्ही बोलायला लागलात की उडतात."

त्यानंतर आठ दिवस रोज सकाळी आठला तिचा संसार तलावावर जाहीर वाचला जात होता. मासे उतरवता उतरवता माणसांना तो पाठ झाला. भाजीवाली तिला हळूच सांगून गेली की आमचेही असेच आहेत, खण माहीत नसतो. ती फक्त एका गोष्टीवर देव पाण्यात ठेवून बसली होती. दोन तासांवरच्या गावाला भोंगे ऐकू जात नाहीत. दहाच्या फोनवर ती अजून शपथेवर सांगत होती, चिऊ कुठे रडते.

नवव्या दिवशी पाणकावळे उडाले नाहीत. त्यांचाही अभ्यास झाला होता. बाई बोलायला लागली की होड्या निघतात, होड्या निघाल्या की जाळी ओढतात, जाळी ओढली की बारीकसारीक मासे पाण्यात फेकून देतात. म्हणजे हे रडणं म्हणजे जेवणाची घंटा. ते रडण्याकडे यायला लागले. भोंग्यांवर बसून वाट बघायला लागले. चेअरमनकाकांनी भोंगे बंद करून टाकले.

आणि त्याच दुपारी, साडेतीन वाजता, चिऊने खरंखुरं नंबर तीन सुरू केलं.

पाचव्या मिनिटाला मागच्या कुंपणावर एक पाणकावळा येऊन बसला. मग चार आले. मग पत्र्यावर धपाधप आवाज झाले. ती चिऊला घेऊन अंगणात आली तेव्हा पत्रा, कुंपण, पाण्याची टाकी आणि कपड्यांची दोरी काळीकुट्ट झाली होती, आणि अर्धे पक्षी वाळत घातलेल्या लंगोटांशेजारी आपले पंख वाळत घालून उभे होते. ती किंचाळली. पक्ष्यांनी माना वळवून तिच्याकडे बघितलं. आवाज ओळखीचा निघाला असावा, कारण आणखी वीसएक आले.

चिऊ रडायची थांबली. तिने पाणकावळ्यांकडे बघितलं, दोन्ही हात पसरले आणि खिदळायला लागली.

सात महिन्यांत ज्याला तोड सापडली नव्हती त्या नंबर तीनवर उपाय सापडला होता, आणि तो तिच्या लंगोटांवर शिटत होता. पुढचे सात दिवस हेच. साडेतीनला चिऊने तोंड उघडायचं, पक्षी यायचे, चिऊ गप्प. मग तिने पत्रा धुवायचा, टाकी धुवायची, सगळे कपडे पुन्हा धुवायचे. घराला माशांच्या बाजाराचा वास यायला लागला. तिन्ही पुस्तकांत याबद्दल अक्षर नव्हतं. एकदा तर चिऊ रडायच्या बेतात असताना तीच नकळत कुंपणाकडे बघून म्हणाली, कुठे मेलेत आज सगळे.

आठव्या दिवशी चिऊला रडायचंच कारण उरलं नाही. साडेतीनला ती कुंपणाकडे बघत शहाण्यासारखी बसून राहायला लागली, पक्षी येवोत न येवोत.

नेमकी त्याच आठवड्यात सोसायटीच्या वर्षाच्या बोटुकलीची पहिली, सगळ्यात मोठी खेप येणार होती. चेअरमनकाकांनी सेक्रेटरीच्या पत्र्यावरचे पाणकावळे आणि त्या वेळी मोकळा पडलेला तलाव, दोन्ही डोळे भरून बघितले होते. त्यांनी ठराव केला. बोटुकली पलीकडच्या काठाला, गवतात सोडायची, आणि तेवढा तासभर एक भोंगा सेक्रेटरीच्या अंगणात लावून सगळे पक्षी इथे गुंतवून ठेवायचे. तासाभरात पिल्लं गवतात पांगली की पाणकावळ्यांना सापडत नाहीत. ती नको म्हणाली. मग नवऱ्याने सांगितलं की ही बोटुकली गेली तर या वर्षी पन्नास घरांच्या होड्या काठालाच राहतील, आणि हे सांगताना तो नेहमीसारखा सेक्रेटरीच्या आवाजात बोलला नाही. तिने बरं म्हटलं.

बुधवारी सकाळी नऊला बोटुकलीची गाडी आली. पाणी आणि हवा भरून तोंड बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, आणि आतली पिल्लं दहापर्यंतच जगणार होती. पलीकडच्या काठाला होड्या तयार. अंगणात भोंगा तयार. चेअरमनकाकांनी बटण दाबलं आणि काही झालं नाही. वीज गेली होती.

बेटावर तीन हजार पक्षी माना उंच करून होड्यांकडे बघत होते.

मग सगळ्यांनी चिऊकडे बघितलं.

चिऊ आईच्या कडेवर बसून चेअरमनकाकांच्या मिशीकडे बघत होती आणि आनंदात होती. काकांनी डोळे वटारले, तिने टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने तिचा खुळखुळा काढून घेतला, तिने उदारपणे दुसऱ्या हातातला चमचाही देऊन टाकला. पाच कमिटी मेंबर ओळीने तोंडं वेडीवाकडी करत उभे राहिले. चिऊला एवढी करमणूक कधी कोणी केली नव्हती. साडेनऊ झाले. शेवटी आईच्याच डोळ्यांत पाणी यायला लागलं. ज्या रडण्याने सात महिने जीव नकोसा केला, ते आज पन्नास घरांसाठी पाच मिनिटं हवं होतं तर मिळत नव्हतं. ती अंगणाच्या मधोमध उकिडवी बसली, चिऊला समोर उभं धरलं आणि अक्षरशः हात जोडायचे तेवढे बाकी ठेवून म्हणाली:

"रड गं बाई. एकदा रड. तुझ्या आईसाठी रड."

"अगं, हे काय चाललंय काय?"

फाटकात, हातात पिशवी घेऊन, सासूबाई उभ्या होत्या. आदल्या दिवशी एका बस कंडक्टरने त्यांना कुठल्याशा बाईची म्हणून एक गंमत ऐकवली होती, तलावावरच्या भोंग्यांतली, त्यात खणातले लंगोट होते आणि रोज दहाचा खोटेपणा होता, आणि तिकीट हातात घेईपर्यंत सासूबाईंना ती बाई कोण ते कळलं होतं. त्या रात्रभर विचार करून पहिल्या बसने निघाल्या होत्या. बाळाला घेऊन जायचं, हे ठरवूनच आल्या होत्या. आणि आल्या तर सून बाळाला रडवत होती, मुलगा खुळखुळा लपवत होता आणि पाच पुरुष माकडासारखी तोंडं करत होते.

ती उठून उभी राहिली. आता सगळं संपलंच होतं, म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंना खरं सांगितलं.

"आई, खरंच रडत नाहीये हो. काही केल्या रडत नाहीये."

"सोड तिला," सासूबाई म्हणाल्या. पिशवी खाली ठेवली, पुढे आल्या आणि चिऊला तिच्या हातातून काढून छातीशी धरलं. "चल माझी बाय. चल आजीकडे."

चिऊने आजीकडे बघितलं. मग आईकडे बघितलं. पुन्हा आजीकडे बघितलं. तिचा खालचा ओठ बाहेर आला.

असं रडणं तक्त्यात नव्हतं. ते एक, दोन आणि तीन यांची बेरीज करून वर काहीतरी असावं. पत्रे वाजले. आणि बेटावरून काळा ढग उठला आणि सरळ घराकडे आला. पत्र्यावर, कुंपणावर, टाकीवर, काकांच्या मोटारसायकलवर जागा उरली नाही तेव्हा उरलेले जमिनीवर उतरून ओळीने उभे राहिले. पलीकडच्या काठाला पिशव्या भराभर सुटायला लागल्या. सासूबाई चिऊला जितकं घट्ट धरत होत्या तितकी चिऊ आईकडे हात करून टाहो फोडत होती, आणि सासूबाई खाली ठेवू म्हणाल्या की चेअरमनकाका हात जोडून म्हणत होते, "आजी, आणखी दहाच मिनिटं."

पावणेअकराला पलीकडून शिट्टी आली. सगळी बोटुकली गवतात गेली होती. सासूबाईंनी चिऊला तिच्याकडे दिलं. आईच्या खांद्याला गाल लागताक्षणी चिऊ गप्प झाली आणि हुंदके देत देत झोपली.

सासूबाई पदराने खांद्यावरची घाण पुसत होत्या. मग हळू आवाजात, जणू पाणकावळ्यांना सांगावं तशा म्हणाल्या, "तुझ्याकडेच गप्प होते म्हणजे."

तेवढं एक वाक्य. सात महिन्यांत डॉक्टरीणबाईंनी, तीन पुस्तकांनी आणि एम.एस्सी.ने मिळून जे सांगितलं नव्हतं ते. चिऊ आता कुठे जाणार नव्हती. ती चिऊला थोपटत, अंगणातल्या अंगणात डुलत, डोळे मिटून उभी राहिली. तिचा श्वास कित्येक महिन्यांनी पोटापर्यंत पोचला होता. शेजारी चेअरमनकाका काहीतरी बोलत होते, कमिटी मेंबर हो हो म्हणत होते, नवरा वहीत लिहीत होता, मध्येच कोणीतरी तिला काही विचारलंही. पण चिऊ जागी होईल म्हणून ती बोलली नाही, नुसती डुलत राहिली.

दुपारी तिने टेबलावरची ठरावांची वही उघडली. नवऱ्याचं अक्षर नेहमीसारखं सुबक होतं. यापुढे हंगामात आणखी पाच वेळा बोटुकली सोडायची असल्याने, सेक्रेटरींच्या मातोश्रींनी हंगाम संपेपर्यंत सेक्रेटरींच्या घरीच मुक्काम करावा, अशी ही सभा त्यांना विनंती करत आहे. सूचक, चेअरमन. अनुमोदक, सेक्रेटरीणबाई, सभासद नसतानाही त्यांनी सलग दहा मिनिटं मान डोलावून भरघोस पाठिंबा दिल्याबद्दल सभा त्यांची आभारी आहे. ठराव एकमताने मंजूर.

आतल्या खोलीत सासूबाई तिच्या साड्या एका बाजूला सारून कपाटात आपल्यासाठी जागा करत होत्या.

"मी नकोच म्हणणार होते गं," त्या म्हणाल्या, "पण तुझाच एवढा आग्रह दिसला."